कार्डावर टाकलेली टिप वेटरच्या हातात कधी पडते?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: आता खिशात नोटा नसतात, बिल कार्डानं भरता. मागच्या महिन्यात नेहमीच्या हॉटेलात १,८६० रुपये बिल झालं, तुम्ही मशीनवर २,०१० मारायला सांगितले. म्हणजे दीडशे टिप. पुढच्या खेपेला तोच वेटर हळूच म्हणाला, "साहेब, कार्डावर नका टाकू. रोख असले तर द्या, नाहीतर राहू द्या." तुम्हाला वाटलं, याला एकट्याला हवेत का? की कर चुकवायचाय? की मालकच मधे ठेवून घेतो? शिवाय न्यू जर्सीहून आलेली मुलगी २० टक्के ठेवायला लावते ते बरोबर का, आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर वर टिप द्यायची का.

ठाण्यात आमचं २२ टेबलांचं हॉटेल आहे. स्वयंपाकघर नवरा बघतो, गल्ल्यावर मी बसते, २००३ पासून. टिपचा पैसा कुठून येतो, कुठे अडकतो आणि कुणाच्या लक्षातून निसटतो हे मी रोज बघते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्या तीन शंकांपैकी कराची शंका आधी काढून टाका. टिप हे कायद्यानं वेटरचं उत्पन्न आहे हे खरं. पण आज नव्या करप्रणालीत वर्षाला १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला साधारणपणे आयकर भरावाच लागत नाही. आमच्यासारख्या हॉटेलातल्या वेटरचा पगार आणि टिप मिळून त्याच्या निम्म्यालाही जात नाही. त्याला चुकवायला करच नाही.

एकट्याला हवेत का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. तसंही असू शकतं. पण "नाहीतर राहू द्या" असं जो म्हणतो त्याच्याबद्दल मला तसं वाटत नाही. हावरा माणूस "राहू द्या" म्हणत नाही. कार्डावर टाकलेले पैसे आपल्यापर्यंत येत नाहीत, किंवा इतक्या उशिरा येतात की आले काय आणि नाही काय, हे त्याला अनुभवानं कळलेलं असतं. तुमचा खरा प्रश्न किती टक्के हा नाहीच. पैसा कुणाच्या हातातून जातो आणि कधी पोचतो, हा आहे.

रोखीच्या काळात हा प्रश्न नव्हता. बिल वाटीतून जायचं, बडीशेप आणि खडीसाखरेबरोबर. ३४० च्या बिलावर गिऱ्हाईक चारशे ठेवायचं आणि मी साठ परत पाठवायची. ते कसे पाठवायचे हे आमच्या जुन्या मॅनेजरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. एक पन्नासची आणि एक दहाची पाठवली, तर गिऱ्हाईक पन्नास उचलतं आणि दहा ठेवतं. वीस-वीस आणि दहा-दहा अशा चार नोटा पाठवल्या, तर वाटीत वीस नाहीतर तीस राहतात. ते म्हणायचे, "वहिनी, पोरांचं रात्रीचं पोट तुमच्या सुट्ट्यांवर आहे." तेव्हापासून मी सकाळी बँकेतून दहा-वीसची बंडलं आणायची ती त्यासाठी.

टिप परत आलेल्या सुट्ट्यांतून निघायची, हे माझ्या धंद्यातल्या लोकांनाही उशिरा उमगलं. कार्डावर १,८६० म्हणजे १,८६० च जातात. परत काही येत नाही, वाटीत काही उरत नाही. त्यात आता कार्ड नुसतं टेकवलं की झालं. १ जानेवारी २०२१ पासून रिझर्व्ह बँकेनं पिन न टाकता कार्ड टेकवून भरायची मर्यादा २,००० वरून ५,००० रुपये केली, आणि आमच्याकडची बहुतेक बिलं त्याच्या आतली असतात. टिंग वाजतं, माणसं उठतात. लोकांचा हात आखडलाय असं वेटर म्हणतात, मला ते पटत नाही. द्यायचा तो क्षणच गेला. चिल्लर ठेवताना विचार करावा लागत नव्हता, आता मुद्दाम ठरवून बोलावं लागतं, आणि अनोळखी माणसासमोर पैशाचं बोलायला आपल्याकडे संकोच वाटतो.

आता मशीनमधून काय होतं ते सांगते, कारण गोम तिथे आहे. तुम्ही दीडशे जास्त मारायला सांगता. आमच्या बिलाच्या संगणकात विक्री १,८६० ची आहे, मशीनवर २,०१० आले. रात्री मशीनचं सेटलमेंट होतं आणि बहुधा पुढच्या कामाच्या दिवशी सगळी रक्कम हॉटेलच्या चालू खात्यात जमा होते. वेटरच्या खात्यात नाही, हॉटेलच्या. तुम्ही हॉटेलचा क्यूआर स्कॅन करून जास्त पैसे टाकलेत तरी तेच. मग तो जास्तीचा पैसा कुणीतरी ओळखून, वेगळा काढून, वाटून द्यायचा असतो. ते "कुणीतरी" म्हणजे गल्ल्यावरचा माणूस. रोख टिप दोन हातांतली गोष्ट होती. कार्डानं मधे तिसरा हात आणला.

तो तिसरा हात माझाच होता, आणि तो चुकला होता. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, जानेवारीत आमच्याकडे मशीन आलं. गर्दीचे दिवस, नवं यंत्र. मार्चअखेरीला हिशोब लावताना बँकेत आलेली कार्डाची रक्कम बिलांच्या बेरजेपेक्षा ६ हजारांहून जास्त निघाली. आमचे हिशोबनीस म्हणाले, "इतर उत्पन्नात दाखवू." मी हो म्हणणार होते. मग एकेक स्लिप बिलाशी लावून बघितली. पन्नास, चाळीस, शंभर, साठ. सगळ्या टिपा. तीन महिने त्या आमच्या खात्यात पडून होत्या, आणि कुणी मागितल्या नव्हत्या, कारण कुणाच्या किती हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्यातली एक गोष्ट मला आजही बोचते. त्याच फेब्रुवारीत एका वेटरनं माझ्याकडे ५०० रुपये उचल मागितली होती. खोलीचं भाडं द्यायचं होतं. मी उचल दिली, वहीत लिहिली, पगारातून कापली. स्लिपांवरून काढलं तेव्हा त्या आठवड्यापर्यंत एकट्या त्याच्या टेबलांवरची टिप हजाराच्या वर होती. म्हणजे त्याचेच पैसे मी त्याला उसने देत होते.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही, म्हणून सांगते. आमच्या हॉटेलात पूर्वी कोकणातली आणि उडपीकडची माणसं जास्त होती, आता ओडिशा, बंगाल, आसाम, नेपाळमधली आहेत. पगार झाला की त्याच दिवशी मोठा भाग गावाला जातो. आई-वडील, बायको-मुलं, कर्जाचा हप्ता. इथे महिनाभर माणूस चालतो तो टिपवर. रिचार्ज, दाढी, साबण, गोळ्या, सुट्टीच्या दिवशीचं जेवण. म्हणून टिप आज मिळणं आणि पुढच्या महिन्यात मिळणं यांत त्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालक प्रामाणिक असला आणि महिनाअखेरीला पै न् पै देत असला, तरी मधल्या तीस दिवसांत वेटर उचल घेतो, नाहीतर खोलीतल्या कुणाकडून व्याजानं. तुमचा वेटर "कार्डावर नको" म्हणाला त्यामागे चोरीच असेल असं नाही. नुसता उशीरही असू शकतो.

कायद्याच्या बाजूनं हा पैसा कुणाचा, याचं उत्तर स्पष्ट आहे. २६ एप्रिल २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं आयटीसी या मोठी हॉटेलं चालवणाऱ्या कंपनीच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न हाताळला. गिऱ्हाइकानं क्रेडिट कार्डावर टाकलेली टिप हॉटेलनं नंतर कर्मचाऱ्यांना वाटली, तर तो पगार धरून त्यावर हॉटेलनं कर कापायला हवा होता का, असा आयकर खात्याशी वाद होता. न्यायालय म्हणालं, नाही. ही रक्कम मालकानं दिलेली नाही, गिऱ्हाइकानं दिलेली आहे. हॉटेल ती फक्त विश्वस्त म्हणून सांभाळतं आणि पुढे देतं. खटला कराचा होता, पण माझ्यासारखीनं त्यातून घ्यायचं ते एवढंच की कार्डावरची टिप ही अमानत आहे. तिला विक्रीत धरायचं नाही, इतर उत्पन्नातही नाही. मी हा निकाल ऐकला तो आमच्या त्या मार्चच्या गोंधळानंतर, आणि त्याच दिवशी वहीत "अमानत" असं वेगळं पान उघडलं.

आम्ही आता कसं करतो ते सांगते. हेच एकमेव बरोबर असं नाही, पण तुम्हाला बाकीच्या हॉटेलांशी ताडून बघता येईल. मशीनवर बिलापेक्षा जास्त रक्कम आली की वेटर स्लिपच्या मागे टेबल नंबर आणि टिप लिहितो. रात्री बंद करताना त्या दिवसाची बेरीज मोरीशेजारच्या पाटीवर खडूनं लिहिली जाते, सगळ्यांना दिसेल अशी. दर मंगळवारी आणि शुक्रवारी वाटणी होते, आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर पैसे जातात. सुरुवातीला मी महिन्यानं देत होते, मग आठवड्यानं, आणि मुलांनीच सांगितल्यावर आठवड्यातून दोनदा. रोज का नाही? कारण मशीनचे पैसे खात्यात यायला एक दिवस लागतो, आणि गल्ल्यात आता रोख इतकी कमी असते की काही रात्री वाटायला नोटाच नसतात. ही अडचण खरी आहे. मालक उशीर करतो तेव्हा दरवेळी त्याच्या मनात पाप असतं असं नाही, पण अडचण सोडवायची जबाबदारी त्याचीच आहे, कारण पैसा त्याच्या खात्यात आहे.

वाटणी पॉइंटांवर होते, मोठ्या हॉटेलांत चालते तशीच. आमच्याकडे कॅप्टन (वेटरांचा मुख्य) आणि वेटर यांना दोन-दोन पॉइंट. हेल्पर, स्वयंपाकघरातले आणि मोरीवरचे यांना एक-एक. एका शनिवारी कार्ड आणि क्यूआर मिळून २,४०० रुपये टिप आली असं धरा. पाच वेटर आणि एक कॅप्टन यांचे बारा, दोन हेल्परांचे दोन, चार आचाऱ्यांचे चार, मोरीवरच्या दोघांचे दोन. एकूण वीस. पॉइंटला १२० रुपये. वेटरला २४०, भांडी घासणाऱ्याला १२०. मालकाचा आणि गल्ल्यावरच्या माणसाचा पॉइंट नसतो. तो कुठे असेल तर तिथे टिप देऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

मोरीवाल्यांना वाटा द्यायला वेटरांचा आधी विरोध होता. "गिऱ्हाईक आम्हाला देतं." त्यात तथ्य आहे. शिव्याही तेच खातात, हसून उभेही तेच राहतात. पण तुम्ही खूश झालात तो गरम आमटीवर, स्वच्छ ताटावर, वेळेवर आलेल्या भाकरीवर. ती माणसं तुम्हाला कधी दिसतच नाहीत. रोख टिप बहुतेक वेटरच्याच खिशात राहायची, आचाऱ्याला कधीमधी चहा मिळायचा. कार्डावरची टिप नाइलाजानं एका जागी गोळा होते, आणि म्हणून पहिल्यांदाच ती आतपर्यंत पोचू शकते. कार्डाबद्दल माझ्या खूप तक्रारी आहेत, पण ही त्याची बाजू मी मान्य करते. तुम्हाला एकाच माणसाला द्यायचं असेल, म्हणजे आईला जिन्यावरून हात धरून ज्यानं आणलं त्यालाच, तर मात्र रोख द्या. आमच्याकडे हातात दिलेली नोट ज्याची त्याची. त्यात मी पडत नाही.

टिपमधून कापाकापी काही ठिकाणी चालते, तीही माहीत असू द्या. बशी फुटली, टिपमधून वळती. एखादं टेबल बिल बुडवून गेलं, टिपमधून वळती. क्रेडिट कार्डावर बँक शंभरामागे दीड-दोन रुपये घेते, तेही टिपमधून. तुमच्या दीडशेवर बँकेचा खर्च तीन रुपयांच्या आसपास. तो मी धंद्याचा खर्च धरते. यूपीआयवर तर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला तो आकारही लागत नाही. फुटलेली बशी माझी, बुडालेलं बिल माझं. तुम्ही दिलेल्या पैशातून ते भरणं म्हणजे अमानतीत हात घालणं.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न इतका चिघळला की त्यांना वेगळा कायदा करावा लागला. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे मालकाला कार्डावरच्या टिपमधून काहीही कापता येत नाही. सगळी रक्कम कामगारांमध्ये न्याय्य रीतीनं, टिप मिळालेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्याअखेरपर्यंत वाटावीच लागते. मला मुदत फार लांब वाटते, पण मुदत आहे हेच मोठं.

मग वेटरच्या मोबाइलवरचा त्याचा स्वतःचा क्यूआर स्कॅन करून थेट दिलं तर? पैसा त्याच क्षणी त्याला मिळतो, मधे कुणी नाही. तुम्ही तसं दिलंत तर गैर नाही. पण बरेच मालक वेटरला तो दाखवू देत नाहीत, त्यामागे एक कारण आहे जे मी स्वतः भोगलंय. आमच्याकडे एका मुलानं बिलासाठीच आपला क्यूआर पुढे केला होता. गिऱ्हाइकाला वाटलं हॉटेलचाच. दोन दिवसांत चार बिलं अशी गेली. तेव्हापासून नियम असा: बिल फक्त टेबलावरच्या छापील क्यूआरवर किंवा मशीनवर, आणि त्याचा आवाज गल्ल्यावरच्या स्पीकरवर यायला हवा. टिपसाठी कुणी स्वतःहून वेटरला "तुझा नंबर दे" म्हटलं तर द्यायला हरकत नाही, पण त्यानं मागायचा नाही. तुम्हीही बिल आणि टिप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आधी बिल पूर्ण, पावती हातात, मग टिप.

सर्व्हिस चार्जचं तुम्ही विचारलंत. त्यात लोक तीन गोष्टींची गल्लत करतात. जीएसटी सरकारला जातो. आमच्यासारख्या हॉटेलात तो ५ टक्के, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, त्यातलं वेटरला काहीच मिळत नाही. पूर्वीचा सर्व्हिस टॅक्सही सरकारचाच होता, तो १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा संपला. आणि सर्व्हिस चार्ज म्हणजे हॉटेलनं स्वतःहून लावलेला आकार, बहुधा ५ ते १० टक्के. "टॅक्समध्ये सर्व्हिस आली ना" असं म्हणून उठणारं भलं गिऱ्हाईक मी आठवड्यातून एकदा तरी बघते. आणि मला दरवेळी वाटतं, नावं इतकी सारखी ठेवली नसती तर बरं झालं असतं.

४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं सांगितलं की सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, नाव बदलूनही लावायचा नाही, आणि नाही म्हणणाऱ्याला अडवायचं नाही. हॉटेलचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. मधे स्थगिती होती. २८ मार्च २०२५ ला न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या. म्हणजे तो द्यायचा की नाही हे तुमच्या मर्जीवर आहे. बिलात दिसला तर मशीन यायच्या आधी शांतपणे "हा काढून द्या" म्हणा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मात्र वेटरशी हुज्जत घालू नका. तो आकार त्यानं लावलेला नाही, आणि काढायचा अधिकारही त्याच्याकडे नाही. मॅनेजरला बोलवा.

आम्ही सर्व्हिस चार्ज कधी लावला नाही. मला वाटतं खर्च वाढला तर थाळीचे दर वाढवावेत, गिऱ्हाइकाला दिसेल असे. पण धंद्यातले काहीजण तो घेऊन खरोखर पॉइंटांवर वाटतात, मी अशी हॉटेलं बघितली आहेत. तुम्ही सर्व्हिस चार्ज राजीखुशीनं भरलात तर वर टिप द्यायची गरज नाही. काढायला लावलात, आणि सेवा चांगली होती, तर तेवढी नाही तरी थोडी टिप थेट द्या. काढलेला आकार आणि न दिलेली टिप, दोन्ही त्याच मुलांच्या वाट्याचं कमी होतं.

आता किती. हे जागेवर अवलंबून आहे आणि मी कुणाला दर बांधून देणार नाही. खानावळीत किंवा उडपी हॉटेलात दोघांनी इडली-चहा घेतला, तर दहा-वीस रुपये पुष्कळ झाले. आमच्यासारख्या, कुटुंबानं जेवायला यायच्या हॉटेलात ५ ते १० टक्के ही चांगली टिप आहे. तुमचे १,८६० वर दीडशे म्हणजे आठ टक्के, उत्तमच. मोठ्या बिलाला टक्के खाली येतात, त्यात वाईट वाटायचं काही नाही. पण पंधरा-वीस माणसांचा वाढदिवस, लहान मुलं, केक, टेबलं जोडणं, उशिरा उठणं, असं असेल तर टक्के विसरा आणि किती माणसं तुमच्यामागे तीन तास धावली ते मोजा. ॲपवर बिल भरून सवलत घेतलीत तर टिप सवलतीच्या आधीच्या रकमेवर धरा. जेवण स्वस्तात मिळालं म्हणून वाढणाऱ्याचं काम कमी झालेलं नसतं. जेवण उशिरा आलं म्हणून टिप कापण्याआधी एकदा स्वयंपाकघराकडे बघा, ऑर्डर वेळेत आत गेली होती का. बहुतेकदा गेलेली असते.

मुलीचे २० टक्के तिच्या गावी बरोबर आहेत. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराचं वेतन वेगळं धरतात. संघराज्याच्या कायद्यानं मालकानं त्याला थेट द्यायचं किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढंच. बाकीचं टिपमधून ७.२५ पर्यंत भरून निघेल असं धरलेलं असतं, नाही भरलं तर मालकानं भर घालायची. न्यू जर्सीनं आपला दर याहून वर ठेवलाय, पण रीत तीच. तिथे टिप न देणं म्हणजे त्याचा पगार बुडवणं. आपल्याकडे टिप मिळते म्हणून किमान वेतन कमी, असा कायदा नाही. टिप वरची आहे, खुशीची आहे. सणाला आपण पोस्त देतो तशी. मुलीला देऊ द्या, कुणी नाही म्हणणार नाही, पण तुम्ही आठ टक्के ठेवलेत म्हणून ओशाळू नका.

आणखी एक फरक तिला सांगा. तिकडे कार्ड आधी घासतात आणि टिप नंतर स्लिपवर लिहितात. आपल्याकडे पिन टाकला किंवा कार्ड टेकवलं की रक्कम पक्की झाली. म्हणून टिपचं बोलणं मशीन पुढे यायच्या आधी व्हायला हवं. "अठराशे साठ बिलाचे आणि शंभर तुमचे, एकोणीसशे साठ मारा," असं पूर्ण वाक्य बोला. नुसतं "दोन हजार करा" म्हटलंत तर गल्ल्यावर नवा माणूस असला की त्याला ती चुकून जास्त मारलेली रक्कम वाटते. मग स्लिपवरचा आकडा बघा.

वेटरला विचारायचं असेल तर गल्ल्यापासून लांब, तो पाणी घेऊन येतो तेव्हा, सुरुवातीलाच विचारा: "कार्डावर टाकलेली टिप तुम्हाला कधी मिळते?" "मिळते का" विचाराल तर तो हो म्हणेल, त्याला नोकरी करायचीय. "कधी" विचारलंत की उत्तरातून कळतं. "शुक्रवारी", "रात्रीच", "पगाराबरोबर" असं चटकन आलं तर तिथे रीत बसलेली आहे. तो गल्ल्याकडे बघून हसला तर समजा, आणि नोट काढा. त्यासाठी पाकिटात किंवा गाडीत दहा, वीस, पन्नासच्या थोड्या नोटा वेगळ्या ठेवायची सवय लावून घ्या. आणि कृपा करून नंतर कुठे असं लिहू नका की "इथल्या वेटरनं सांगितलं, मालक टिप खातो." त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं हे मालकाला पाच मिनिटांत कळतं.

तुमच्या त्या हॉटेलचं म्हणाल तर पुढच्या वेळी त्याला शंभरची नोट हातात द्या. मागच्या महिन्यातले दीडशे मिळाले का, हे त्याला विचारू नका. बिल भरून झालं की गल्ल्यावर जा आणि मालकाला किंवा मॅनेजरला साध्या आवाजात विचारा, "कार्डावरची टिप मुलांना कधी वाटता?" वेटरचं नाव घेऊ नका, त्यानं काही सांगितलं असं दाखवू नका. मला २३ वर्षांत हा प्रश्न गिऱ्हाइकांनी फक्त दोनदा विचारलाय. पहिल्यांदा विचारला तो २०१७ च्या फेब्रुवारीत, एका वयस्कर बाईंनी, आणि मी "देतो ना" म्हणून विषय टाळला होता. मार्चमध्ये त्या स्लिपा एकेक करून बिलांशी लावायला मी बसले, ती त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना म्हणून.